लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातील कागदपत्रे तपासयंत्रणेच्या हाती कशी जातात?

अमेरिकेच्या सिनेटमध्ये दिवसाचे कामकाज आटोपत आले असताना अनेकदा एखादा छोटा ठराव मांडला जातो, त्याला कोणी हरकत घेत नाही आणि तो एकमताने मंजूर होतो. वर्तमानपत्रांत त्याची बातमी सहसा येत नाही. या ठरावांची भाषा बहुतेक वेळा ठरलेली असते. सिनेटच्या ताब्यात असलेला कोणताही पुरावा न्यायालयीन किंवा प्रशासकीय आदेशाच्या बळावर सिनेटच्या परवानगीवाचून बाहेर नेता येत नाही, असे त्यात आधी नमूद केलेले असते. असा पुरावा न्यायदानाच्या कामी उपयोगी पडेल असे दिसले, तर सिनेट आपले विशेषाधिकार सांभाळून न्यायाला साहाय्य होईल असेच पाऊल उचलील, असे लगेच पुढे म्हटलेले असते. त्यानंतर अमुक समितीने अमुक तपासयंत्रणेला कागदपत्रे द्यावीत किंवा अमुक कर्मचाऱ्याने अमुक खटल्यात साक्ष द्यावी, अशी परवानगी दिली जाते.

यातले पहिलेच विधान वाचले की सामान्य नागरिकाला राग येतो, आणि तो स्वाभाविक आहे. पोलीस वॉरंट घेऊन कारखान्यात, दवाखान्यात, सरकारी खात्याच्या कचेरीत जाऊ शकतात, मग कायदे करणाऱ्यांच्याच कपाटापाशी येऊन त्यांनी परवानगीची वाट का पाहायची? या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर उलगडण्याचा प्रयत्न आहे. माझे मत आरंभीच सांगतो. अशी परवानगी असणे योग्य आहे, परंतु ती सभागृहाची आहे, सदस्याची नव्हे, हे पक्के लक्षात ठेवले तरच. आणि ती उघडपणे, नोंद ठेवून, वेळेत दिली जात असेल तरच.

पोलीस आणि तपासयंत्रणा सरकारच्या हाताखाली असतात, आणि सरकारला जाब विचारणे हे विधिमंडळाचे काम असते. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ४ जानेवारी १६४२ रोजी सशस्त्र माणसे घेऊन हाऊस ऑफ कॉमन्समध्ये पाच सदस्यांना पकडायला शिरला होता. त्यानंतरच्या यादवीतून आणि राज्यक्रांतीतून १६८९ चा हक्कांचा जाहीरनामा आला आणि संसदेतील भाषण, चर्चा व कामकाज यांबद्दल संसदेबाहेर कोठेही जाब विचारता येणार नाही, असे त्यात लिहिले गेले. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या सहाव्या कलमात हीच तरतूद आली, आणि भारतीय राज्यघटनेने संसदेसाठी अनुच्छेद १०५ व राज्यांच्या विधिमंडळांसाठी अनुच्छेद १९४ यांत तिचा स्वीकार केला.

आता लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात कोणते कागद असतात याचा विचार करा. तेथे विधेयकाचे कच्चे मसुदे असतात, समितीत विचारायच्या प्रश्नांची टिपणे असतात, एखाद्या अभियंत्याने आपल्याच खात्यातील गैरव्यवहाराबद्दल विश्वासाने लिहिलेले पत्र असते, मतदारसंघातील माणसांचे अर्ज असतात. सरकारच्या हाताखालच्या यंत्रणेला हे सारे वाटेल तेव्हा उघडून पाहता आले, तर त्या अभियंत्याला पुढच्या वेळी पत्र लिहिण्याचे धैर्य होणार नाही, आणि विरोधी बाकावरील सदस्य उद्या काय विचारणार आहे हे मंत्र्याला आजच कळेल. संरक्षण आहे ते या कामाला.

या संरक्षणाची हद्दही तितकीच स्पष्ट आहे. मेरीलँडचे माजी सिनेटर डॅनियल ब्रूस्टर यांच्यावर टपालदरांच्या कायद्याच्या बाबतीत लाच घेतल्याचा आरोप होता. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात सांगितले, की लाच घेणे हा कायदे करण्याच्या कामाचा भाग नाही आणि म्हणून त्याबद्दल खटला चालवता येतो. मात्र सभागृहातील मतदानामागे किंवा भाषणामागे कोणता हेतू होता हे सिद्ध करण्यासाठी त्या कामकाजाचाच पुरावा म्हणून वापर करता येत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने हे संरक्षण सदस्यांच्या साहाय्यकांनाही लागू केले, कारण आजच्या काळात साहाय्यकांवाचून कोणताही सदस्य आपले काम करू शकत नाही.

तत्त्व म्हणून हे नीट समजते. अडचण येते ती कपाटापाशी, कारण लाचेच्या व्यवहाराची चिठ्ठी आणि विधेयकाचा मसुदा एकाच खणात, कधी कधी एकाच संगणकात असतात. त्यांची निवड करायची तर दोन्ही वाचावे लागतात. ते आधी कोणी वाचायचे, हा या साऱ्या वादाचा गाभा आहे, आणि तो २००६ मध्ये जितका उघडा पडला तितका आधी कधीच पडला नव्हता.

लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्सचे प्रतिनिधी, म्हणजे अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) प्रतिनिधिगृह या कनिष्ठ सभागृहाचे सदस्य, विल्यम जेफर्सन यांच्यावर आफ्रिकेतील दूरसंचार व्यवसायांना मदत करण्यासाठी लाच घेतल्याचा संशय होता. जुलै २००५ मध्ये एफबीआयच्या खबऱ्याकडून त्यांनी खुणा केलेल्या एक लाख डॉलरच्या नोटा स्वीकारल्या, आणि काही दिवसांनी त्यांच्या वॉशिंग्टनमधील घराची झडती झाली तेव्हा त्यांतले नव्वद हजार डॉलर फ्रीजरमध्ये अन्नाच्या डब्यांत गुंडाळून ठेवलेले सापडले. ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, कागदपत्रांसाठी समन्स काढले, पण महिने उलटले तरी कागद आले नाहीत. मग २० मे २००६ च्या शनिवारी संध्याकाळी एफबीआयचे अधिकारी न्यायाधीश थॉमस होगन यांनी दिलेले वॉरंट घेऊन प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांची कार्यालये असलेल्या रेबर्न इमारतीतील जेफर्सन यांच्या कार्यालयात शिरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेथेच होते. त्यांनी संगणकांतील सर्व मजकुराच्या प्रती करून घेतल्या आणि दोन खोकी भरून कागद नेले. जेफर्सन यांच्या वकिलाला किंवा प्रतिनिधिगृहाच्या विधी सल्लागाराला त्या खोलीत येऊ दिले नाही. विद्यमान सदस्याच्या संसदीय कार्यालयाची अशी झडती काँग्रेसच्या दोनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात प्रथमच झाली.

पुढे जे घडले ते पक्षीय राजकारणाच्या नेहमीच्या रीतीला धरून नव्हते. जेफर्सन डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, सरकार रिपब्लिकन पक्षाचे होते, आणि तरीही प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन अध्यक्ष डेनिस हॅस्टर्ट यांनी विरोधी पक्षनेत्या नॅन्सी पेलोसी यांच्यासह संयुक्त निवेदन काढून कागद परत मागितले. लोकांना हे मुळीच आवडले नाही. लाचखोराला वाचवायला दोन्ही पक्ष एकत्र आले, अशीच अनेकांची समजूत झाली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ते सर्व कागद ४५ दिवस सीलबंद ठेवण्याचा आदेश दिला, म्हणजे तेवढ्या काळात तपास अधिकाऱ्यांनाही ते पाहता येणार नव्हते.

होगन यांनी स्वतःचे वॉरंट योग्य ठरवले, पण अपील न्यायालयाने ३ ऑगस्ट २००७ रोजी वेगळा निकाल दिला. झडतीपूर्वी सदस्याला आपले विशेषाधिकाराचे कागद बाजूला काढण्याची संधी दिली नाही आणि त्यामुळे कायदे करण्याच्या कामाचे कागद सरकारी अधिकाऱ्यांच्या नजरेखाली गेले, हे घटनेच्या विरुद्ध होते, असे त्या न्यायालयाने म्हटले. तपासयंत्रणेने आपल्या बाजूने वेगळे पथक नेमले होते. त्या पथकाने आधी कागद चाळायचे आणि संरक्षित वाटतील ते मूळ तपास अधिकाऱ्यांना दाखवायचे नाहीत, अशी व्यवस्था होती. न्यायालयाला ती पुरेशी वाटली नाही, कारण ते पथकही सरकारचेच होते. मात्र न्यायालयाने सर्व कागद परत करायला सांगितले नाही. विशेषाधिकाराचे कागद परत करावेत, बाकीचे ठेवावेत, असा मधला मार्ग त्याने स्वीकारला. सरकारने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली, पण मार्च २००८ मध्ये त्याने प्रकरण ऐकायला नकार दिला.

या निकालाने जेफर्सन सुटले असे अनेकांना वाटते, आणि ते खरे नाही. निकालाच्या दोनच महिने आधी त्यांच्यावर १६ आरोप ठेवले गेले होते, ऑगस्ट २००९ मध्ये त्यांपैकी ११ आरोपांत ते दोषी ठरले आणि त्यांना १३ वर्षांची शिक्षा झाली. पुढे भ्रष्टाचाराच्या कायद्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच प्रकरणात संकुचित केला, त्यामुळे त्यांच्यावरील बहुतेक आरोप रद्द झाले आणि २०१७ मध्ये त्यांची सुटका झाली; पण त्या सुटकेचा कार्यालयाच्या झडतीशी संबंध नव्हता. विशेषाधिकाराचे कागद बाजूला काढूनही गुन्हा सिद्ध करता आला, हे या प्रकरणातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सभागृहाच्या हक्कांचा मान ठेवला की भ्रष्टाचार मोकाट सुटतो, हे गृहीतक निदान येथे टिकले नाही.

अमेरिकेतील सर्व न्यायालयांचे यावर एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०११ मध्ये ॲरिझोनाचे माजी प्रतिनिधी रिक रेन्झी यांच्या प्रकरणात पश्चिमेकडील राज्यांच्या अपील न्यायालयाने हा तर्क नाकारला. ज्या कृत्याबद्दल खटला चालवता येतो, त्याच्या तपासात संरक्षित कागद सरकारच्या नजरेस पडलाच तर त्याने घटनाभंग होत नाही, फक्त तो पुरावा म्हणून वापरता येत नाही, अशी त्या न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे वॉशिंग्टनमधील कार्यालयात असलेल्या कागदाला एक न्याय आणि मतदारसंघातील कार्यालयात असलेल्या तशाच कागदाला दुसरा न्याय मिळू शकतो.

झडती हा अपवाद झाला. एरवी कागद मागितले जातात ते समन्स पाठवून, आणि तेथे सभागृहाच्या परवानगीची पद्धत कामाला येते. सिनेट दर वेळी ठराव करते. प्रतिनिधिगृहातही पूर्वी प्रत्येक समन्सावर स्वतंत्र ठराव व्हायचा. समन्सांची संख्या वाढली तेव्हा १९८१ मध्ये सर्वसाधारण परवानगी देणारा स्थायी नियम करण्यात आला आणि आज तो आठवा नियम म्हणून ओळखला जातो. त्यानुसार सदस्याला, अधिकाऱ्याला किंवा कर्मचाऱ्याला समन्स मिळाले की त्याने तत्काळ अध्यक्षांना लेखी कळवायचे आणि अध्यक्षांनी ती गोष्ट सभागृहापुढे ठेवायची. मग न्यायालयाला तसा अधिकार आहे का, मागितलेले कागद प्रकरणाशी खरोखर संबंधित आहेत का, आणि ते देणे सभागृहाच्या विशेषाधिकारांशी सुसंगत आहे का, या तीन गोष्टी तपासायच्या. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर कागद द्यायचे, आणि सभागृहाने वेगळे ठरवल्याशिवाय त्यासाठी पुन्हा मतदानाची गरज नाही. समितीच्या गोपनीय बैठकांचे इतिवृत्त मात्र या मार्गाने कधीही देता येत नाही.

या नियमातील मला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सभागृहापुढे केली जाणारी घोषणा. जानेवारी २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या सार्जंट ॲट आर्म्स या सुरक्षा व सुव्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ग्रँड ज्युरीचे समन्स मिळाल्याचे पत्र सभागृहात वाचून दाखवले गेले आणि त्यामुळे एका सदस्येच्या सुरक्षाखर्चाची चौकशी चालू असल्याचे देशाला कळले. समन्स कोणाला आले आणि सभागृहाने त्याचे काय केले, याची नोंद राहते. परवानगी बंद खोलीत दिली गेली, तर ती कोणाला मिळाली आणि कोणाला नाकारली गेली, हे कोणालाच कळणार नाही, आणि मग ती हक्काची गोष्ट न राहता मर्जीची गोष्ट होईल.

येथे कागद कोणाचा हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत समितीचे दप्तर सभागृहाच्या मालकीचे असते, परंतु सदस्याच्या स्वतःच्या कार्यालयातील कागद परंपरेने त्या सदस्याचे मानले जातात आणि निवृत्तीनंतर तो ते एखाद्या विद्यापीठाला देऊही शकतो. खर्चाची बिले, पगारपत्रके, स्टेशनरीच्या दुकानाच्या नोंदी यांसारखे कागद तिसऱ्याच प्रकारचे असतात. त्यांचा संबंध सदस्याशी असला तरी ते सभागृहाच्या अधिकाऱ्यांकडे असतात. भ्रष्टाचाराचे माग बहुधा या तिसऱ्या प्रकारातच सापडतात. डॅन रोस्टेनकोव्स्की हे शिकागोचे प्रतिनिधी आणि कर व अर्थविषयक सर्वांत शक्तिशाली समितीचे अध्यक्ष होते. प्रतिनिधिगृहाच्या टपाल कार्यालयातील गैरव्यवहाराच्या तपासातून त्यांच्यावर १९९४ मध्ये १७ आरोप ठेवले गेले, त्यांत प्रत्यक्ष काम न करणाऱ्यांना पगार देणे आणि सभागृहाच्या पैशातून भेटवस्तू घेणे यांचा समावेश होता. सभागृहाच्या अंतर्गत नियमांचा अर्थ न्यायालय लावू शकत नाही, असा बचाव त्यांनी केला. तो बव्हंशी टिकला नाही, आणि १९९६ मध्ये दोन आरोपांची कबुली देऊन त्यांनी तुरुंगवास पत्करला.

परवानगी द्यावी की नाही यावर सभागृहात खरीखुरी ओढाताण झाली ती १९९२ मध्ये. प्रतिनिधिगृहात सदस्यांसाठी एक बँक होती आणि शेकडो आजी-माजी सदस्यांनी खात्यात पैसे नसताना धनादेश काढले होते, ज्याबद्दल त्यांना कोणताही दंड होत नसे. विशेष तपास अधिकारी म्हणून नेमलेले निवृत्त न्यायाधीश माल्कम विल्की यांनी ३९ महिन्यांच्या काळातील सर्व खात्यांच्या नोंदी मागितल्या. अध्यक्ष टॉम फोली यांच्यासह अनेकांचे म्हणणे असे, की ज्यांच्यावर कोणताही संशय नाही अशा सदस्यांचेही खासगी धनादेश सरकारच्या हाती देणे म्हणजे सरसकट झडतीच होय. हा आक्षेप पोकळ नव्हता. कोणत्याही नागरिकाच्या बाबतीत आपण तो मान्य केला असता. तरीही २९ एप्रिल १९९२ रोजी ३४७ विरुद्ध ६४ मतांनी नोंदी देण्याचा निर्णय झाला. निवडणुका सहा महिन्यांवर आल्या होत्या आणि नकार देणारे सभागृह काहीतरी लपवत आहे असेच लोकांनी मानले असते. माझ्या मते निर्णय बरोबर होता, पण तो लोकांच्या संतापाच्या भयाने झाला. लोक संतापलेले नसतील तेव्हा सभागृह असेच वागेल, याची त्यातून शाश्वती मिळत नाही.

समित्यांच्या दप्तराची गोष्ट याहून बरीच सोपी आहे, कारण तेथे संशय सदस्यांवर नसतो. सिनेटची स्थायी अन्वेषण उपसमिती एखाद्या बँकेची किंवा कंपनीची चौकशी करते, लाखो कागद गोळा करते, अहवाल प्रसिद्ध करते आणि मग न्याय विभाग किंवा राज्यांच्या तपासयंत्रणा त्या कागदांची मागणी करतात. लेखाच्या आरंभी वर्णन केलेले ठराव बहुधा अशाच मागण्यांसाठी असतात. तेथे परवानगी नाकारण्याचे कारण क्वचितच असते, तरी ती मागावी लागते, हे मला योग्य वाटते. संसदीय समितीपुढे बोलणाऱ्या साक्षीदाराला आपले कागद पुढे कोठे जाऊ शकतात हे कळले पाहिजे.

ब्रिटनमध्ये २००८ साली याच्या उलट प्रकार घडला. गृहखात्यातून माहिती फुटल्याच्या तपासात २७ नोव्हेंबर रोजी विरोधी पक्षाचे खासदार डेमियन ग्रीन यांना अटक झाली आणि पोलिसांनी संसदेतील त्यांच्या कार्यालयाची झडती घेतली. पोलिसांकडे वॉरंट नव्हते. सार्जंट ॲट आर्म्सने संमतिपत्रावर सही केली होती आणि तेवढ्यावर दार उघडले गेले. अध्यक्ष मायकेल मार्टिन यांच्यावर मोठी टीका झाली आणि यापुढे वॉरंटशिवाय तसेच अध्यक्षांच्या संमतीशिवाय सदस्याच्या कार्यालयाची झडती होणार नाही, असे त्यांना जाहीर करावे लागले. ग्रीन यांच्यावर खटला भरण्याइतका पुरावा नसल्याचे अभियोक्त्यांनी पुढील एप्रिलमध्ये सांगितले. संपूर्ण सभागृहाचा हक्क एका अधिकाऱ्याच्या सहीत मावतो असे धरले की काय होते, हे त्या दिवशी दिसले.

आपल्याकडे या विषयाची चर्चा फारशी होत नाही, पण नियम जुना आणि स्पष्ट आहे. १९५७ मध्ये दुसऱ्या लोकसभेच्या विशेषाधिकार समितीने आपल्या पहिल्या अहवालात म्हटले, की सभागृहाच्या किंवा समितीच्या कामकाजाबद्दल, त्यासंबंधीच्या दस्तऐवजाबद्दल किंवा सभागृहाच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यातील कागदाबद्दल कोणत्याही सदस्याने वा अधिकाऱ्याने सभागृहाची अनुमती घेतल्याशिवाय न्यायालयात साक्ष देऊ नये. अधिवेशन चालू नसेल आणि न्यायदानाला विलंब होणार असेल, तर अध्यक्ष परवानगी देऊ शकतात, पण त्यांनी ते नंतर सभागृहाला कळवले पाहिजे. प्रकरणात विशेषाधिकाराचा खरा प्रश्न गुंतलेला दिसला तर अध्यक्षांनी परवानगी न देता ते समितीकडे सोपवावे. याशिवाय संसदेच्या आवारात अध्यक्षांच्या परवानगीवाचून अटक करता येत नाही आणि समन्सही बजावता येत नाही, असे लोकसभेचे नियम सांगतात. या व्यवस्थेची रचना अमेरिकेच्या व्यवस्थेहून फार वेगळी नाही; फरक आहे तो वापरात आणि उघडपणात.

हे कागद किती उपयोगी असू शकतात याचे उदाहरण घ्यायचे तर डिसेंबर २००५ मधील पैसे घेऊन प्रश्न विचारण्याचे प्रकरण घ्यावे. छुप्या चित्रीकरणातून ११ खासदार उघडे पडले, त्यांत महाराष्ट्रातीलही दोघे होते, आणि चित्रीकरण प्रसारित झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत संसदेने त्या सर्वांची हकालपट्टी केली. फौजदारी खटल्यात आरोप निश्चित व्हायला २०१७ साल उजाडले. पैसे घेतल्याचा पुरावा चित्रफितीत असू शकतो, पण त्या पैशांच्या बदल्यात प्रश्न दिला गेला हे दाखवायचे तर प्रश्नांच्या सूचना लागतात, आणि त्या सचिवालयाच्या दप्तरात असतात. अशा वेळी सभागृहाचे कामकाज आणि गुन्ह्याचा पुरावा एकाच कागदावर लिहिलेले असतात.

सर्वोच्च न्यायालयाने यावर दोन निकाल दिले आहेत, त्यांचा येथे उल्लेख आवश्यक आहे. केरळ विधानसभेत १३ मार्च २०१५ रोजी अर्थसंकल्प मांडला जात असताना विरोधी आमदारांनी अध्यक्षांच्या आसनापर्यंत जाऊन तोडफोड केली आणि विधिमंडळाच्या सचिवांनीच पोलिसांत तक्रार दिली. पुढे त्याच आमदारांची आघाडी सत्तेवर आली आणि सरकारने खटला मागे घेण्याचा अर्ज केला. विधानसभेच्या नियंत्रण कक्षातील चित्रीकरण अध्यक्षांच्या परवानगीशिवाय घेतले आहे, असाही आक्षेप होता. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने तोडफोड हा विधिमंडळाच्या कामाचा भाग असूच शकत नाही असे सांगून खटला चालू ठेवला. मार्च २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सीता सोरेन प्रकरणात लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या सदस्यांना संरक्षण देणारा १९९८ चा निकाल रद्द केला आणि मतासाठी वा भाषणासाठी लाच घेणाऱ्या लोकप्रतिनिधीला अनुच्छेद १०५ व १९४ चे संरक्षण नाही, असे एकमताने ठरवले. संरक्षण कोणत्या कृत्याला आहे हे या निकालांनी स्पष्ट झाले. संशयित सदस्याच्या कपाटातील कागद कोणी निवडायचे, याचे उत्तर मात्र २००७ च्या अमेरिकी निकालात जितके तपशिलात दिले गेले तितके आपल्याकडे अजून दिले गेलेले नाही. केरळच्या प्रकरणातून दुसरी एक गोष्टही मला दिसते: परवानगीचा अधिकार अध्यक्षांकडे असतो आणि अध्यक्ष बहुमताच्या पक्षाचे असतात. म्हणून परवानगी नाकारताना लेखी कारण देणे बंधनकारक असावे, असे मला ठामपणे वाटते.

या सर्व नियमांची भाषा कागदाच्या काळातली आहे, आणि आता तपासयंत्रणांना सभागृहाच्या दारापर्यंत यावेच लागत नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१७ आणि २०१८ मध्ये गोपनीय माहिती फुटल्याच्या तपासात काँग्रेसच्या दोन सदस्यांच्या आणि ४३ कर्मचाऱ्यांच्या दूरध्वनी व ई-मेलच्या नोंदी थेट कंपन्यांकडून मिळवल्या, असे त्या विभागाच्याच महानिरीक्षकांनी डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंदवले आहे. सभागृहाला त्याची कल्पना नव्हती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अनेक रिपब्लिकन सिनेटरांच्या दूरध्वनीच्या नोंदीही अशाच मिळवल्या गेल्याचे उघड झाले. सिनेटने नोव्हेंबरमध्ये अर्थसंकल्पीय कायद्यात घाईने तरतूद घातली, की अशी माहिती न कळवता घेतली गेल्यास सिनेटर सरकारवर दावा लावून किमान पाच लाख डॉलर मिळवू शकतील, तेही मागील घटनांसाठी. प्रतिनिधिगृहाने आठवड्याभरात ४२६ विरुद्ध शून्य मतांनी ती रद्द करण्याचे विधेयक मंजूर केले. सूचना मिळण्याची मागणी रास्त होती. सभागृहाच्या हक्काचे पैसे एकेका सदस्याच्या खात्यात जमा करण्याची कल्पना मात्र त्या हक्काच्या मूळ अर्थाशीच विसंगत होती.

भारतात खासदारांचे अधिकृत ई-मेल एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयाखालील संस्थेच्या यंत्रणेवर असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमाखाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी कोणाकडूनही दस्तऐवज आणि इलेक्ट्रॉनिक साधने मागू शकतो. १९५७ चा नियम सभागृहाच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यातील कागदांबद्दल बोलतो, आणि एनआयसीच्या सर्व्हरवरील पत्रे त्या शब्दांत बसत नाहीत. सदस्यांचा अधिकृत पत्रव्यवहार कोणत्याही यंत्रणेवर असला तरी तो सभागृहाच्या ताब्यात आहे असे मानले जाईल आणि मागणी आल्यास अध्यक्षांना आधी कळवले जाईल, एवढी दुरुस्ती विशेषाधिकार समितीला सुचवता येईल. तिच्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही; समितीचा अहवाल आणि सभागृहाचा ठराव पुरतो, जसा तो १९५७ मध्ये पुरला होता.